गाडीत संगणक बसवताना: गाणी सोपी, वीज अवघड

आमच्या घरची गाडी १४ वर्षांची आहे आणि तिच्यातला सीडी वाजवणारा टेप तीन वर्षांपूर्वी कायमचा मुका झाला. बाजारात पडदेवाला नवा टेप सहज मिळतो आणि ज्यांना फक्त गाणी ऐकायची आहेत त्यांनी तोच बसवावा, हे आधीच सांगून टाकतो. घरी बनवलेली यंत्रणा नेहमीच स्वस्त पडते, हा समज खरा नाही. ती बनवावीशी वाटण्याची कारणे वेगळी असतात. कॅसेटवरून उतरवून ठेवलेली कीर्तने, आजोळकडची कन्नड भजने, शेजाऱ्यांनी पेनड्राइव्हवर दिलेली तेलुगू गाणी आणि उर्दू कव्वाल्या, असा सोलापुरातल्या पुष्कळ घरांत असतो तसा चार भाषांचा संग्रह आपल्याला हवा तसा लावता येतो, आणि टेपच्या खोक्याच्या आत नेमके काय चालते तेही कळते. मात्र या कामाला हात घालणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी संगणकाचा विचार करतो आणि मग विजेचा. हा क्रम उलटा हवा. गाडीत संगणकाकडून गाणी वाजवून घेणे हे तासाभराचे काम आहे. त्याला स्वच्छ वीज देणे आणि वेळ आली की नीट झोपवणे यात महिना जातो.

संगणक म्हणजे येथे टेबलावरचा मोठा डबा नव्हे. १९९९ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका छोट्या कंपनीने ‘एम्पेग’ नावाचा, आत लिनक्स ही संगणकप्रणाली चालणारा गाडीतला टेप विकायला काढला, तेव्हा हौशी मंडळी घरचा जुना संगणक उचलून डिकीत ठेवण्याचे प्रयोग करत होती. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजात मावणारा संगणक आला आणि डिकी पुन्हा सामानासाठी मोकळी झाली. तो ५ व्होल्टवर चालतो, त्याला पंखा लागेलच असे नाही आणि गाणी वाजवण्याच्या कामात त्याची बरीचशी ताकद रिकामीच राहते. त्याच्यापुढची साखळी छोटी आहे. संगणक फाइल वाचतो, डॅक नावाची छोटी पाटी त्या फाइलमधल्या आकड्यांचे विद्युत-संकेतात रूपांतर करते, ॲम्प्लिफायर त्या दुबळ्या संकेताला बळ देतो आणि स्पीकर हवा हलवतो.

यातला डॅक हा सर्वांत गूढ वाटणारा भाग सोलापूरकराला समजावणे तुलनेने सोपे आहे. आपल्या चादरीवरची नक्षी जेकार्डवर विणली जाते. जुन्या जेकार्डमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ मागाच्या वर फिरत असते. पुठ्ठ्यावर जेथे छिद्र असते तेथे सुई आत जाऊन तिचा उभा धागा उचलला जातो, जेथे छिद्र नसते तेथे धागा खालीच राहतो. त्या पुठ्ठ्यांत मोर नसतो, फक्त ‘उचल’ आणि ‘उचलू नको’ एवढेच लिहिलेले असते. मोर दिसतो तो कापडावर. गाण्याची फाइल म्हणजे अशा पुठ्ठ्यांची माळ आणि डॅक म्हणजे माग. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून १६ बिटांच्या आकड्यात लिहिलेली असते, तीही डाव्या-उजव्या बाजूंसाठी वेगवेगळी. डॅक त्याच वेगाने आकडे वाचतो आणि त्या उंचीचा व्होल्टेज बाहेर काढतो. मागाची लय चुकली की नक्षी वाकडी येते, तसेच या मोजणीची लय डळमळली की आवाज बिघडतो. रास्पबेरी पायच्या ज्या मॉडेलांना हेडफोनचे भोक आहे, त्यांत ते काम काटकसरीने उरकलेले असते आणि हळू गाण्यात मागे खसखस ऐकू येते. पाय ५ वर तर ते भोकच काढून टाकले आहे. म्हणून पीसीएम ५१०२ या चिपची छोटी पाटी किंवा यूएसबीवर चालणारा डॅक वेगळा घ्यावा.

साठवणीबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर पाच मिनिटांची सुमारे पाच हजार गाणी बसतात. धावत्या गाडीत, काचा थोड्या खाली असताना, त्याहून मोठ्या फाइलमधला फरक ओळखून दाखवणारा कान मला अजून भेटलेला नाही.

आता विजेकडे येतो. पहिल्या प्रयत्नात मी संगणकाला सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायच्या मोबाइल चार्जरवर जोडले होते. तुळजापूरला जाताना रस्त्यात चहासाठी थांबलो, पुन्हा किल्ली फिरवली, गाणे तुटले आणि संगणक पहिल्यापासून सुरू झाला. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच झाले. आठवड्याभरात असे दहाबारा वेळा झाल्यावर एका सकाळी तो सुरूच झाला नाही, कारण ज्या मेमरी कार्डावरून तो सुरू होतो त्यावरची नोंदवही बिघडली होती. या एका प्रसंगात गाडीतल्या विजेच्या दोन्ही अडचणी आलेल्या आहेत, म्हणून त्या सावकाश पाहू.

टेपच्या मागे येणाऱ्या वायरींपैकी तीन वायरी विजेच्या असतात. बहुतेक गाड्यांच्या टेपच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, पिवळ्या वायरीत बॅटरीचा १२ व्होल्ट कायम असतो, लाल वायरीत किल्ली फिरवल्यावरच येतो आणि काळी वायर अर्थची असते. पण रंगावर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने तपासून घ्यावे, कारण जुन्या गाडीत मधल्या कोणी मेकॅनिकने काय जोडले आहे ते रंग सांगत नाहीत. लाल वायरीला आपले इलेक्ट्रिशियन ‘ॲक्सेसरी’ म्हणतात. किल्ली स्टार्टच्या जागी नेली की पुष्कळ गाड्यांमध्ये ही लाल वायर मुद्दाम बंद केली जाते, म्हणजे बॅटरीचा सगळा जोर स्टार्टरला मिळावा. लायटरचे सॉकेट सहसा याच वायरीवर असते. माझे गाणे तुटत होते ते चार्जर वाईट होता म्हणून नव्हे. गाडी तिला सांगितलेले काम करत होती.

तेव्हा संगणकाला वीज पिवळ्या वायरीवरूनच द्यायला हवी. ती मात्र १२ व्होल्ट आहे हे केवळ बोलण्यापुरते. बंद गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारे यंत्र, तिला १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत नेतो आणि स्टार्टर फिरताना तीच ९ व्होल्टपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल सैल होऊन सुटले, तर क्षणभर कित्येक पटींचा झटका वायरींतून धावतो. या सगळ्या चढउतारातून संगणकाला ५ व्होल्ट स्थिर मिळाले पाहिजेत.

यासाठी पुष्कळ जण आधी ७८०५ ही तीन पायांची जुनी चिप वापरतात, ती करू नये अशी चूक आहे. ती जादा व्होल्टेज उष्णतेत घालवते. १४.४ मधून ५ वजा केले की ९.४ उरतात, संगणकाने २ अँपिअर घेतले, तर जवळजवळ १९ वॉट नुसते तापण्यात जातात, म्हणजे छोटी सोल्डरिंग आयर्नच डॅशबोर्डखाली पेटवून ठेवल्यासारखे. त्याऐवजी बक कन्व्हर्टर घ्यावा. तो पाणी अडवून धरणाऱ्या बांधासारखा नसून रहाटासारखा आहे: वीज सेकंदाला हजारो वेळा छोट्या छोट्या ओंजळीत घेतो, कॉइलमध्ये साठवतो आणि खाली हव्या त्या व्होल्टेजला ओततो, त्यामुळे फार थोडी वाया जाते. ५ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे १५ वॉट. कन्व्हर्टर ८५ टक्के कार्यक्षम धरला, तर बॅटरीकडून फक्त दीड अँपिअर जातो. चिपवर छापलेली कमाल मर्यादा सतत वापरायची नसते, म्हणून ५ अँपिअरचा कन्व्हर्टर घेऊन त्याच्याकडून ३ चेच काम घ्यावे. त्याच्या तोंडाशी सुमारे २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड लावला की वर सांगितलेला झटका तो स्वतःवर घेतो. काही रुपयांची ही वस्तू न लावता हजारो रुपयांचा संगणक जोडणारे लोक मी पाहिले आहेत.

फ्यूजबद्दलचा एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. फ्यूज संगणकाला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायर कुठेतरी पत्र्याला घासून सोलली आणि बॉडीला टेकली, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ढकलू शकते आणि वायर लाल होऊन आग लागते. म्हणून बॅटरीपासून नवी वायर ओढली असेल, तर फ्यूज संगणकाजवळ नव्हे, बॅटरीजवळ, वीतभर अंतराच्या आत हवा. संगणकाच्या वायरीला ३ अँपिअरचा आणि ॲम्प्लिफायरच्या वायरीला १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा बसवणे म्हणजे वायरीलाच फ्यूज करणे.

दुसरी अडचण झोपवण्याची. संगणक मेमरी कार्डावर सारखे काहीतरी लिहीत असतो. जमाखर्चाची वही लिहिताना मधेच कोणी दिवा घालवला, तर शेवटची ओळ अर्धवट राहते आणि कधी तीच ओळ सगळ्या पानांची अनुक्रमणिका असते. माझे कार्ड असेच गेले. यावर पहिला उपाय सॉफ्टवेअरचा आहे: मूळ प्रणालीचे कार्ड ‘फक्त वाचन’ या स्थितीत कुलूपबंद करावे आणि गाणी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावीत. दुसरा उपाय विजेचा. पिवळ्या वायरीवर संगणक कायम चालू ठेवता येत नाही, कारण तो ५ वॉट खात असला तरी बॅटरीतून सुमारे अर्धा अँपिअर जातो, दिवसाचे १२ अँपिअर-तास, आणि छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत झोपते. म्हणून पिवळ्या वायरीत टायमर रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा आणि वेळ लावता येणारा स्विच, घालायचा. किल्ली फिरली की लाल वायर रिलेला चालू करते; किल्ली काढली की रिले लगेच न सुटता ठरलेल्या वेळाने सुटतो. तेवढ्या अवधीत संगणकाने स्वतःहून आवरून झोपायचे असते.

त्याला किल्ली काढल्याचे कळावे म्हणून लाल वायरीचा निरोप संगणकाच्या पिनेपर्यंत पोहोचवावा लागतो. ही पिन ३.३ व्होल्टहून जास्त सोसत नाही; १४ व्होल्ट थेट लावले, तर संगणक त्याच क्षणी संपतो. मधे ऑप्टोकपलर ही चार पायांची चिप वापरावी. तिच्या एका बाजूला छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशावर चालणारा स्विच असतो. दिवा गाडीच्या विजेवर लागतो, स्विच संगणकाच्या विजेवर चालतो आणि दोघांमध्ये तारेचा संबंधच येत नाही. दिव्याच्या वाटेत २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाकला की साधारण ६ मिलिअँपिअर जातात आणि तेवढे पुरतात.

मी आधी संगणकाला २० सेकंद थांबून झोपायला आणि रिलेला ९० सेकंदांनी सुटायला सांगितले होते. कागदावर हे बिनचूक होते. मग विजापूर रस्त्यावर पेट्रोल भरायला थांबलो, मिनिटभरात किल्ली पुन्हा फिरवली आणि गाडी मुकी. संगणक झोपलेला होता, पण रिले सुटलेला नव्हता. वीज गेलीच नाही, त्यामुळे ती परत आली असेही त्याला कधी कळले नाही. तो इतका आज्ञाधारक की पुढचे १०० किलोमीटर झोपूनच राहिला. आता संगणक पाच मिनिटे वाट पाहतो आणि रिले सहाव्या मिनिटाला सुटतो. पेट्रोल पंप, टोलनाका, रेल्वेचे फाटक, सगळे त्यात बसते आणि सहा मिनिटांचा खर्च बॅटरीच्या दृष्टीने अँपिअर-तासाच्या विसाव्या भागाइतकाच आहे. पाच आणि सहा मिनिटांच्या मधोमध किल्ली फिरवणाऱ्याची पंचाईत अजूनही होऊ शकते. ती मी मान्य करून टाकली आहे.

ॲम्प्लिफायर निवडताना खोक्यावरच्या वॉटांकडे डोळसपणे पाहावे. ‘४ × ५० वॉट’ हा आकडा जवळजवळ सगळ्या टेपांवर सापडतो आणि तो आकाशातून पडलेला नाही. १४.४ ला १४.४ ने गुणून स्पीकरच्या ४ ओहमने भागले की ५१.८ येतात. म्हणजे बॅटरीचा सगळा व्होल्टेज सलग स्पीकरवर टाकला, तर एवढी शक्ती होईल. पण तसा आवाज म्हणजे नुसती कर्कश धडधड असते. स्वच्छ सुरासाठी तो आकडा निम्मा धरावा लागतो आणि चिपमध्ये होणारी थोडी घट वजा केली की हातात साधारण २० वॉट उरतात. चार दरवाजांना २० वॉट भरपूर आहेत. एकेकाळी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’च्या नावाने हजार वॉट छापले जात, त्या मानाने हा प्रामाणिकपणाच म्हणायचा. टीडीए ७३८८ या चिपवर बनलेल्या पाट्या या कामाला पुरेशा असतात. त्यांच्या बाबतीत एकच नियम जिवावरचा आहे: स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरकडेच परत न्यायच्या, उणे वायर कधीही बॉडीला जोडायची नाही. जुन्या साध्या टेपांत ती अर्थला जोडलेली चालत असे. या चिप स्पीकरला दोन्ही टोकांनी ढकलतात आणि एक टोक पत्र्याला टेकले तर चिप जळू शकते.

सगळे जोडून झाल्यावर पहिल्यांदा इंजिन चालू करावे, तर गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. बहुतेकांचा धीर येथे सुटतो. कारण समजून घेतले, तर ती घालवता येते. गाडीचा पत्रा हीच सगळ्यांची परतीची वाट आहे आणि अल्टरनेटरची चढउतार करणारी वीज त्याच पत्र्यातून वाहते, त्यामुळे पत्र्याच्या दोन टोकांवरचा ‘शून्य’ एकसारखा नसतो. काही मिलिव्होल्टांचा फरक असतो. संगणकाची अर्थ डॅशबोर्डखाली आणि ॲम्प्लिफायरची अर्थ सीटखाली जोडली असेल, तर हा फरक आवाजाच्या वायरीतून दोघांच्या मध्ये वाहतो आणि ॲम्प्लिफायर त्यालाही गाणेच समजून मोठा करतो.

पारख करण्याची माझी पद्धत अशी. इंजिन चालू ठेवून संगणकाची गाडीकडची वीज काढावी आणि तो थोड्या वेळापुरता पॉवर बँकेवर चालवावा. शिट्टी गेली, तर दोष अर्थच्या दोन वाटांचा. शिट्टी राहिली, तर आवाजाची वायर विजेच्या वायरीला चिकटून गेली आहे का, किंवा ॲम्प्लिफायरचीच अर्थ सैल आहे का, ते पाहावे. इंजिनच्या वेगाशी संबंध नसलेली, गाणे बदलताना टिकटिकणारी खरखर असेल, तर ती संगणकाची किंवा स्वस्त कन्व्हर्टरची आहे. सगळ्या काळ्या वायरी एकाच बोल्टवर, खालचा रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर थिंबल आवळून जोडल्या आणि आवाजाची वायर दुसऱ्या बाजूने नेली की बहुतेक वेळा शांतता होते. आवाजाच्या वाटेत छोटे ट्रान्सफॉर्मर बसवणारी, आयसोलेटर नावाची डबी मिळते, पण ती शेवटचे औषध आहे. स्वस्त डबीत ढोलकीचा खालचा सूर पातळ होतो.

सोलापुरात एक विचार आणखी करावा लागतो, तो उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४० अंशांच्या वर असतो आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. रास्पबेरी पायची चिप ८० अंशांना पोहोचली की स्वतःहून वेग कमी करू लागते, म्हणजे दुपारी तीनला गाडीत बसल्यावर ती धापा टाकतच कामाला लागते. डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेपाशी संगणक ठेवू नये. पुढच्या सीटखाली, जमिनीपासून दोन बोटे उचललेल्या, झरोके असलेल्या ॲल्युमिनियमच्या डबीत तो सुखी राहतो. झरोक्यांना आतून पातळ जाळी लावावी, आपल्याकडची धूळ काही सांगायला नको. आणि वीज राखून ठेवण्यासाठी लिथियमची पॉवर बँक गाडीत कायमची ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. तेवढ्या उष्णतेत ती फुगते आणि पेटूही शकते. वरची पारख झाली की तिला घरी न्यावे.

चालवताना गाणी कशी बदलायची, हा प्रश्न पडद्याने सुटत नाही, वाढतो. मी पडदा बसवलाच नाही. एक फिरवायचे बटण आणि दोन दाबायची बटणे, ज्यांच्यावर नजर न जाताही बोट पोहोचते, एवढ्यावर काम भागते. यादी लावायची असेल, तर शेजारी बसलेला माणूस संगणकाच्या वायफायवरून मोबाइलवर लावतो. गाणी वाजवणारे एमपीडी हे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठीच बनलेले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायचे संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक चालवण्यात मोजले जाते, हे चालकाने लक्षात ठेवावे. फाइलांची नावे देवनागरीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, उर्दूत कशीही दिली तरी युनिकोडमध्ये ती नीट दिसतात आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसलेच, तर फक्त त्या लिपीचा फाँट टाकायचा राहिलेला असतो.

बसवताना मूळ वायरी कापू नयेत. आपल्या गाडीच्या टेपला बसणारा कपलर वेगळा मिळतो, सगळे जोड त्याच्या शेपटीवर सोल्डर करून स्लीव्ह चढवावी. गाडी विकताना जुना टेप पुन्हा जसाच्या तसा लावता येतो. स्टीअरिंगखाली पिवळ्या आवरणातली वायरींची जुडी किंवा पिवळे कपलर दिसले, तर तेथे हात लावू नये. ती एअरबॅगची वायर असते आणि तिच्यावर मल्टिमीटर लावणेही धोक्याचे आहे. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे उणे टर्मिनल काढावे.

शेवटची तपासणी रात्रभराची असते. संध्याकाळी गाडी बंद करून तासाभराने बॅटरीचा व्होल्टेज कागदावर लिहावा, सकाळी किल्ली न लावता पुन्हा मोजावा. १२.६ चे १२.५ झाले, तर चिंता नाही, १२.२ झाले, तर रिले सुटत नाही असे समजून तो उघडावा. तोच कागद मग फेकू नये. त्याच्या मागच्या बाजूला कोणत्या रंगाची वायर कोठून कोठे गेली आहे, कोणता फ्यूज किती अँपिअरचा आहे आणि रिले कोठे लपवला आहे, याचा साधा नकाशा मराठीत काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाडीच्या कागदपत्रांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. पुढच्या वेळी गाडी उघडणारा इलेक्ट्रिशियन कोणी दुसराच असेल.